मृत्युपत्र, नॉमिनी आणि तालुक्याचा वकील

वडिलांचं तेरावं झालं आणि आम्ही कपाटातली हिरवी लोखंडी पेटी उघडली. आत विजेची जुनी बिलं, आमची शाळेची प्रगतिपुस्तकं, मुदत संपलेल्या दोन पॉलिसी आणि एका पावतीमागे पेन्सिलीने लिहिलेला कुठल्यातरी ठेवीचा नंबर. सातबाऱ्याचा उतारा होता, पण त्यावर अजून आजोबांचं नाव. "सगळीकडे नॉमिनी टाकलेत, तुम्हाला काही करावं लागणार नाही," असं वडील नेहमी सांगत. त्यानंतर वर्षभर मी तलाठी ऑफिस, सोसायटी आणि बँक अशा खेपा घालत होतो. एका बँकेने एकच फॉर्म माझ्याकडून तीनदा भरून घेतला, दर वेळी वेगळ्या टेबलावर.

त्या वर्षात शिकलेलं आता आईच्या आणि माझ्या कागदांसाठी वापरतो आहे. महाराष्ट्रातल्या साध्या कुटुंबाला, म्हणजे एखादा फ्लॅट, गावाकडे थोडी जमीन, काही ठेवी आणि थोडं सोनं असलेल्या घराला, पुरेल एवढं इथे लिहितो. क्रम मात्र पाळा. बहुतेक लोक आधी वकिलाकडे जातात आणि मग कागद शोधतात. ते उलटं करायचं.

आधी नॉमिनीचा गैरसमज काढू

नॉमिनी हा मालक नसतो. बँक, सोसायटी किंवा कंपनी यांनी कोणाच्या हातात द्यायचं एवढंच नामांकनाने ठरतं. त्यावर हक्क कोणाचा हे मृत्युपत्र ठरवतं, आणि मृत्युपत्र नसेल तर वारसा कायदा. विम्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने हे १९८४ मध्ये सांगितलं आणि शेअर्सबाबत डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. गृहनिर्माण सोसायटीत नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेतात. फ्लॅटचा मालक तो त्यामुळे होत नाही. विम्यात २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, जोडीदार आणि मुलं यांना 'लाभार्थी नॉमिनी', म्हणजे पैशावर स्वतःचा हक्कही सांगू शकणारा, असा वेगळा दर्जा आला. तिथलं गणित थोडं वेगळं आहे आणि न्यायालयांतही त्यावर मतभेद झालेत.

तरीही नामांकन करायचंच, कारण ते नसेल तर पैसा बाहेर काढायला मागच्यांचा जीव मेटाकुटीला येतो. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी देता येतात, एक तर एकाच वेळी टक्केवारी ठरवून किंवा एकामागून एक अशा क्रमाने. लॉकरला फक्त क्रमाने. नॉमिनी आणि मृत्युपत्रातला लाभार्थी ही एकच व्यक्ती ठेवली की निम्मी भांडणं मिटतात. माझ्या ओळखीत एका गृहस्थांच्या ठेवींना लग्नाआधी घातलेलं भावाचं नाव शेवटपर्यंत तसंच राहिलं होतं. बायकोला ते बँकेत गेल्यावर कळलं.

कुलमुखत्यारपत्राचंही असंच. "मुलाच्या नावे मुखत्यारपत्र केलंय, आता काळजी नाही," असं सांगणारे पुष्कळ भेटतात. मुखत्यारपत्र देणारा माणूस गेला की ते तिथेच संपतं. त्यानंतर त्यावर सह्या करणं हा गुन्ह्याच्या वाटेवरचा उद्योग आहे.

काहीच लिहिलं नाही तर?

हिंदू वारसा कायदा, १९५६ नुसार पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांना प्रत्येकी सारखा हिस्सा मिळतो. वडील या पहिल्या वर्गात नाहीत. आई आहे, आणि नेमकं तिलाच लोक विसरतात. समजा चाळिशीतला माणूस गेला, मागे बायको, दोन मुलं आणि म्हातारी आई. फ्लॅटचे चार हिस्से झाले. पुढे आईही काही न लिहिता गेली तर तिचा पाव हिस्सा तिच्या सगळ्या मुलामुलींत वाटला जाणार. म्हणजे ज्या फ्लॅटचे हप्ते नवरा-बायकोने मिळून फेडले, तो विकताना काका आणि आत्यांच्याही सह्या लागणार. कोणाच्याही मनात पाप नसताना घरं अशीच अडकतात.

बाईच्या बाबतीत तर हे आणखी टोचतं. विवाहित, मूल नसलेली स्त्री स्वतः कमावलेली मालमत्ता ठेवून गेली आणि नवराही आधीच गेलेला असेल, तर ती मालमत्ता आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते, तिच्या आईवडिलांचा नंबर त्यानंतर. आईवडिलांकडून वारशाने मिळालेली मालमत्ता मात्र, मूलबाळ नसेल तर, वडिलांच्या वारसांकडे परत जाते. नोकरी करणाऱ्या माझ्या बहिणीला हे सांगितलं तेव्हा तिने त्याच आठवड्यात मृत्युपत्र लिहिलं.

वडिलोपार्जित जमिनीत मुलींचा जन्मतः हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्येच मान्य केला, देशभर तो २००५ च्या दुरुस्तीने आला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की २००५ साली वडील हयात असायला हवेत अशी अट नाही. त्यामुळे सातबाऱ्यावर भावाच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर असं लिहिलेलं दिसलं तर ती जमीन एकट्या भावाची समजू नका. बहिणींची नावं 'इतर हक्क' या रकान्यात पडलेली असतात, तोही वाचा. वडिलोपार्जित मालमत्तेत तुमचा जेवढा हिस्सा, मृत्युपत्र तेवढ्याचंच करता येतं.

मुस्लिम कायद्यात कर्ज आणि अंत्यविधीचा खर्च वजा जाता उरेल त्याच्या एक तृतीयांशापर्यंतच मृत्युपत्राने देता येतं. त्यापलीकडे वारसांची संमती लागते. ख्रिश्चन आणि पारशी कुटुंबांना भारतीय वारसा कायदा, १९२५ लागू होतो.

एक रविवार यादीसाठी

दोनशे पानी वही घ्या. एक्सेल करणारे करतात, पण वही आईला आणि बायकोलाही उघडता येते. डाव्या पानावर काय आहे, उजव्या पानावर त्याचा कागद कुठे आहे.

जमिनीसाठी ताजा सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनींचा उतारा) आणि मागचे फेरफार (हक्क बदलल्याच्या नोंदी) काढा. नाव अजून आजोबांचं असेल तर आधी वारस नोंद. हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याला (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गावात अजून तलाठीच म्हणतात) कळवायचं असतं. उशीर झाला तरी नोंद होते. ई-हक्क प्रणालीवर घरबसल्या अर्ज करता येतो. मग नोटीस निघते, हरकतीसाठी मुदत जाते आणि मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. वर्ग २ ची जमीन (जी सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही) असेल किंवा विकास सोसायटीच्या कर्जाचा बोजा असेल तर तेही वहीत लिहा. शहरातल्या मिळकतीसाठी मिळकत पत्रिका, फ्लॅटसाठी नोंदणीकृत करारनामा, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा दस्ताचा गोषवारा) आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. एवढं मात्र लक्षात ठेवा की सातबारा ही महसुली नोंद आहे. मालकीचा अंतिम पुरावा म्हणून त्यावर विसंबू नका.

मग बँका, पोस्ट, पीएफ, विमा, म्युच्युअल फंड, डिमॅट. प्रत्येकापुढे नॉमिनीचं नाव आणि ते शेवटचं कधी तपासलं ती तारीख. दहा वर्षं कोणी हात न लावलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. आपल्या माणसाचं असं काही पडलंय का ते 'उद्गम' पोर्टलवर शोधता येतं. पेन्सिलीने लिहिलेल्या त्या नंबरचा छडा मला तिथेच लागला.

कर्जं लिहायला लाज वाटू देऊ नका. हातउसने घेतलेले आणि दिलेले, दोन्ही. दागिन्यांची यादी करताना 'आजीचे पाटल्या-गोठ' असं न लिहिता वजन लिहा आणि फोटो काढून ठेवा. जमिनीवरून न भांडलेल्या बहिणी पाटल्यांवरून बोलायच्या थांबलेल्या मी पाहिल्या आहेत.

मृत्युपत्र लिहिणं

कायद्याला लागतं ते थोडकं आहे. करणारा सज्ञान आणि शुद्धीवर हवा. त्याने सही किंवा अंगठा करायचा. किमान दोन साक्षीदारांनी ती सही होताना पाहायची, किंवा "ही माझीच सही" हे त्याच्या तोंडून ऐकायचं, आणि त्याच्यासमोर स्वतःच्या सह्या करायच्या. बस. स्टॅम्प पेपर लागत नाही, साधा कागद चालतो. स्वतःच्या हाताने मराठीत लिहिलेलं चालतं. नोटरीचा शिक्का लागत नाही, आणि नोटरी केलं म्हणजे नोंदणी झाली असंही नाही. हा घोळ मी इतक्यांदा ऐकलाय की आता दुरुस्त करायचा कंटाळा येतो.

खरं कसब मजकुरात असतं. 'माझी गावची जमीन धाकट्याला' असं लिहू नका. मौजे, तालुका, जिल्हा, गट नंबर, क्षेत्र, आकार आणि चतुःसीमा लिहा. फ्लॅटचा नंबर, इमारत, सोसायटीचा नोंदणी क्रमांक. माणसांची पूर्ण नावं आणि नातं. एखाद्या मुलाला कमी देत असाल तर त्याचं कारण एका शांत वाक्यात सांगा: 'थोरल्याच्या शिक्षणासाठी व घरासाठी यापूर्वीच मदत केली आहे.' राग काढायची जागा ही नाही. न्यायालयात असली रागाची वाक्यं मोठ्याने वाचली जातात.

तीन कलमं लोक हमखास विसरतात. ज्याला देताय तो तुमच्याआधी गेला तर ते कोणाला? यादीत न आलेली किंवा पुढे मिळणारी मालमत्ता कोणाला? आणि हे सगळं अमलात कोण आणणार? त्याला मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणतात. तो तुमच्यापेक्षा वयाने लहान आणि शक्यतो जवळपास राहणारा निवडा. भावनेपोटी थोरल्या मेव्हण्यांचं नाव घालू नका, तेही पंच्याहत्तरीचे असतात.

एक वाक्य मात्र स्वतः लिहू नका: 'पत्नीला हयातीपर्यंत राहण्याचा हक्क, तिच्यानंतर मुलाला.' वाचायला सरळ वाटतं. पण तो हक्क मर्यादित की पूर्ण मालकीचा, यावर वर्षानुवर्षं खटले चालले आहेत. एवढ्या एका वाक्यासाठीसुद्धा वकिलाची फी वसूल होते.

साक्षीदार म्हणून लाभार्थी नकोत. ख्रिश्चन-पारशी कुटुंबात तर साक्षीदाराला किंवा त्याच्या जोडीदाराला दिलेलं रद्दच होतं. बाकीच्यांच्या बाबतीतही ते संशयाला जागा देतं. पुढे वाद झाला तर साक्षीदारांपैकी निदान एकाला न्यायालयात उभं राहून सांगावं लागतं, म्हणून तरुण, पत्ता न बदलणारा, कुटुंबाबाहेरचा माणूस बघा. वय जास्त असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांचं दोन ओळींचं प्रमाणपत्र घ्या. आणि ज्याला सगळ्यात जास्त मिळणार आहे त्याला त्या दिवशी गाडी चालवायलासुद्धा सोबत नेऊ नका. लाभार्थ्याने मृत्युपत्र करण्यात पुढाकार घेतला की न्यायालयं भुवया उंचावतात.

पुढे मन बदललं तर? हवं तेव्हा बदला, शेवटचं ते खरं. खाडाखोड करू नका. किरकोळ बदलासाठी पुरवणी मृत्युपत्र, मोठा बदल असेल तर पूर्ण नवीन, आणि त्यात 'यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द' हे वाक्य.

नोंदणी

सक्तीची नाही. तरी करा असं मी म्हणेन. मुद्रांक शुल्क शून्य, नोंदणीचा खर्च नाममात्र, आणि मूळ कागद हरवला तर नक्कल मिळते. दुय्यम निबंधक कार्यालयात ओळखपत्रं आणि साक्षीदार घेऊन जायचं. माणूस अंथरुणावर असेल तर अधिकारी घरी येऊन नोंदणी करू शकतो, त्याला गृहभेट म्हणतात. अर्ज करून मागावी लागते. मजकूर कोणालाच कळू नये असं वाटत असेल तर मृत्युपत्र पाकिटात सीलबंद करून जिल्हा निबंधकाकडे ठेवता येतं, ही सोय फार थोड्यांना ठाऊक आहे. नोंदणी झाली म्हणून मृत्युपत्राला आव्हान देता येत नाही असं मात्र नाही.

मुंबईतल्या मिळकतींसाठी मृत्युपत्रावर उच्च न्यायालयाचं प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचा न्यायालयाचा दाखला) घेणं वर्षानुवर्षं सक्तीचं होतं. ती सक्ती करणारं भारतीय वारसा कायद्याचं कलम २१३ संसदेने २०२५ च्या अखेरीस काढून टाकलं. तरी वारसांत वाद असेल तर प्रोबेट घेतलेलं बरं. मृत्युपत्र नसेल तर ठेवी-शेअर्ससाठी उत्तराधिकार प्रमाणपत्र आणि इतर कामांसाठी १८२७ च्या बॉम्बे रेग्युलेशनखालचा वारस दाखला, अशा दिवाणी न्यायालयाच्या खेपा असतात. वारसा कर भारतात नाही. मृत्युकर १९८५ मध्येच गेला.

जिवंतपणीच देऊन टाकावं का?

महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन जोडीदाराला, मुलांना, नातवंडांना बक्षीसपत्राने द्यायची तर मुद्रांक शुल्क २०० रुपये, वर ठिकाणानुसार स्थानिक अधिभार. स्वस्त आहे, म्हणून एजंट सुचवतातही. माझं मत विचाराल तर राहतं घर कोणालाही बक्षीस देऊ नका, मुलगा कितीही गुणी असो. मृत्युपत्र बदलता येतं. बक्षीसपत्र नोंदवून झालं की घर त्याचं. द्यायचंच असेल तर 'देणाऱ्याचा सांभाळ करण्याच्या अटीवर' हे शब्द दस्तात हवेतच. ज्येष्ठ नागरिक कायदा, २००७ च्या कलम २३ खाली असा दस्त न्यायाधिकरण रद्द करू शकतं, पण अट दाखवता आली पाहिजे.

आता वकील

मिळकत जिथे, वकील तिथला. पुण्यात राहून कऱ्हाडजवळच्या जमिनीसाठी पुण्यातला नावाजलेला वकील करू नका. गटाची मोजणी कुठे अडली, कोणत्या फेरफारावर अपील चालू आहे, ही माहिती तालुक्याच्या कोर्टात रोज उभ्या राहणाऱ्याकडे असते. फ्लॅट शहरात आणि शेत गावात असेल तर मृत्युपत्र एकाकडून लिहून घ्या आणि जमिनीचं वर्णन दुसऱ्याकडून तपासून घ्या.

शोधायचं कसं? बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलांना जाहिरात करता येत नाही, त्यामुळे इंटरनेटवरच्या 'टॉप टेन' याद्यांवर विसंबू नका. ज्यांच्या घरी नुकतंच वारसाचं काम सुरळीत झालंय त्यांना विचारा. तुमच्या बँकेच्या शाखेत कर्जासाठी टायटल शोध, म्हणजे मालकीच्या कागदांची तपासणी, कोण करतं ते विचारा. असा वकील कागद बारकाईने वाचतो. तालुका बार असोसिएशनच्या खोलीत जाऊन "दिवाणी बाजू, मृत्युपत्र आणि वाटपाची कामं कोण करतं?" असं थेट विचारलं तर दोन-तीन नावं मिळतात. फौजदारीतला कितीही गाजलेला असो, इथे उपयोगाचा नाही.

नाव मिळालं की सनद (वकिलीचा परवाना) बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाची आहे ना ते पाहा. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर वकिलाच्या नावाने प्रकरणं शोधता येतात. दिवाणी किती आणि कोणत्या कोर्टात, लगेच दिसतं. आणि भावकीतल्या कोणाचा तो वकील तर नाही ना? छोट्या तालुक्यात हा प्रश्न विचारायलाच हवा.

पहिल्या भेटीला वही आणि झेरॉक्स न्या, मूळ कागद नको. मी आईसाठी वकील शोधताना चार गोष्टी विचारल्या होत्या. मसुदा तुम्ही स्वतः लिहिणार की कारकून? फीमध्ये नोंदणीच्या दिवशी हजर राहणं धरलंय का? मसुदा घरी नेऊन वाचायला देणार का? मराठीत करणार का? शेवटच्या प्रश्नाला एकाने "इंग्रजीच बरं दिसतं" म्हटलं. आईला इंग्रजी येत नाही. आम्ही चहा पिऊन उठलो. उद्या कोणी म्हणालं की म्हातारीला काय लिहिलंय ते समजलंच नव्हतं, तर बरं दिसणाऱ्या इंग्रजीचं काय करायचं?

फी आधी ठरवा, लिहून घ्या, पावती मागा. दाव्यात मिळेल त्यातला टक्का फी म्हणून मागणं वकिलाला नियमाने मना आहे. कोणी मागितला तर तिथूनच परत फिरा. निबंधक कार्यालयाबाहेरच्या टपरीतले दस्तलेखक साध्या भाडेकराराला ठीक, मृत्युपत्राला नकोत. तेच छापील साचे फिरवतात आणि कधी कधी मागच्या गिऱ्हाइकाचं नावही आत राहून जातं.

पैशाची अडचण असेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींना, अपंग व्यक्तींना आणि ठरावीक मर्यादेखाली उत्पन्न असणाऱ्यांना तिथे मोफत सल्ला आणि वकील मिळतो. स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही. फोन १५१००.

गोवा आणि परदेश

गोव्यात घर असेल तर वरचं बरंच बाजूला ठेवा. तिथे पोर्तुगीज दिवाणी कायद्याच्या परंपरेतला, धर्म न पाहता सगळ्यांना लागू होणारा वारसा आहे आणि २०१२ चा स्वतंत्र कायदा आहे. लग्नाने साधारणपणे मालमत्ता दोघांची अर्धी-अर्धी होते, मुलांना हक्काचा निम्मा भाग डावलता येत नाही, आणि मृत्युपत्र विशेष नोटरीपुढे होतं. सावंतवाडी किंवा कोल्हापूरचा वकील तिथे चालणार नाही, मडगाव-म्हापशाचाच हवा.

मुलं परदेशी असतील तर इथल्या आणि तिथल्या मालमत्तेची दोन वेगळी मृत्युपत्रं करा आणि प्रत्येकात 'हे फक्त अमुक देशातल्या मालमत्तेपुरते' असं लिहा. नाहीतर दुसऱ्यातल्या 'यापूर्वीची सर्व रद्द' या वाक्याने पहिलं उडतं. अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने मात्र मिळू शकते.

कागद ठेवायचा कुठे

स्वतःच्या एकट्याच्या नावावरच्या लॉकरमध्ये नाही. नॉमिनी नसेल तर लॉकर उघडायलाच मग वारसाचे कागद मागतात. मूळ प्रत घरच्या कपाटात प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, एक झेरॉक्स व्यवस्थापकाकडे, आणि नोंदणीचा दस्त क्रमांक व तारीख वहीच्या पहिल्या पानावर. मजकूर कोणाला सांगायचा नसेल तर नका सांगू, पण मृत्युपत्र आहे आणि ते कुठे आहे, एवढं दोघांना माहीत हवं. आईच्या वहीचं पान आम्ही दर दिवाळीत, फराळाचे डबे भरून झाले की उघडतो. नॉमिनी, मोबाइल नंबर, नवीन ठेव. यंदा तिने शेवटच्या ओळीत स्वतःच्या हाताने लिहिलं: 'गोठ मोठ्या नातीला, वजन बघून घेणे.' मी म्हटलं, आई, हे वहीत नाही चालणार, पुरवणी करावी लागेल, दोन साक्षीदार लागतील. ती म्हणाली, मग बोलव शेजारच्यांना.